चिंगीच्या पिंजऱ्यातला कापडी तंबू काढू का?

रानजाई | ७ जानेवारी, रात्री ९:४०

आमच्याकडे चिंगी नावाची ग्रीन चीक कोनूर (लहान जातीचा पोपट) आहे. वय अडीच वर्षं. डीएनए चाचणी केलेली नाही, त्यामुळे नर की मादी ते ठाऊक नाही, पण घरात पहिल्या दिवसापासून सगळे "ती" म्हणतात. दिवाळीनंतर पुण्यात थंडी पडायला लागली तेव्हा दुकानदाराने एक कापडी तंबू दिला. त्रिकोणी आकार, आतून लोकरीसारखं मऊ कापड, वर टांगायला दोन हूक. "पक्ष्याला ऊब मिळते, रात्री घाबरत नाही," असं तो म्हणाला आणि आम्हाला ते पटलं.

पहिल्याच रात्री ती आत जाऊन झोपली. सकाळी पिंजऱ्यावरची चादर काढली की त्या त्रिकोणातून नुसतं डोकं बाहेर काढून बघते. माझ्या फोनमध्ये त्या एका दृश्याचे शेकडो फोटो आहेत.

गेल्या तीन आठवड्यांत मात्र ती बदलली आहे. पूर्वी फक्त रात्री आत जायची, आता दुपारीही तिथेच असते. पाणी बदलायला हात घातला की तंबूतून झेपावते. परवा माझ्या मुलाच्या बोटाला इतकी जोरात चावली की रक्त आलं. तो नऊ वर्षांचा आहे, आणि ती त्याच्या खांद्यावर बसून मोठी झाली आहे. त्याला दुखण्यापेक्षा तिने आपल्याला ओळखलं नाही याचंच जास्त रडू आलं.

काल एका ओळखीच्या बाईंनी फोटो बघून "तो तंबू आजच्या आज काढ" एवढंच लिहिलं. कारण विचारलं तर "धोकादायक असतो" म्हणाल्या. तिला इतकी आवडणारी गोष्ट अशी काढून घेणं मला जड जातंय. कुणाला अनुभव आहे का? नेमका धोका कशाचा?

सोनचाफा | ७ जानेवारी, रात्री ९:५८

आत्ता एकच काम कर. चिंगीला बाहेर काढ, तंबू उलटा कर आणि आतली बाजू टॉर्च लावून बघ. विशेषतः वरचा कोपरा, जिथे तिचं डोकं येतं. मग इथे लिही.

रानजाई | ७ जानेवारी, रात्री १०:२०

बघितलं. वरच्या शिवणीजवळ एक रुपयाच्या नाण्याएवढं भोक आहे. आतलं पांढरं भरण दिसतंय. भोवतीचं कापड विरलं आहे आणि दोन लांब धागे लोंबत आहेत. बाहेरून यातलं काहीच दिसत नव्हतं. मी दर रविवारी तंबू धुते, पण उलटा करून कधी बघितला नव्हता. हात थरथरतोय लिहिताना.

निंबोणी | ८ जानेवारी, सकाळी ७:१५

रानजाई, तो परत लावू नका. मी पशुवैद्य आहे, कुत्र्यामांजरांबरोबर पक्षीही बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पोपटाने गिळलेलं अन्न आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं, तिला क्रॉप म्हणतात. तिथून ते जठरात आणि मग पेषणीत जातं. पेषणीत दाणा भरडला जातो, धागा भरडला जात नाही. तो तिथे पीळ खात राहतो, उद्याचा धागा त्यात गुंततो आणि हळूहळू बोळा होतो. कापड खायचं असं काही पक्ष्याच्या मनात नसतं. पोपटाची जात कुरतडणारी. चोचीने शिवण उकलताना तंतू जिभेला चिकटतात आणि पोटात जातात, रोज दोन-चार. घरच्यांना काही कळत नाही, कारण पक्षी खातो, ओरडतो, खेळतो. आजारी दिसला की शिकारी आधी त्यालाच उचलतो, म्हणून पक्षी दुखणं लपवतो, आणि ते दिसायला लागेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो.

सुती असेल तर चालेल का, हे पुढे कुणीतरी विचारेल म्हणून आत्ताच सांगते. सूत असो की पॉलिस्टर, पोपटाला दोन्ही पचत नाही. दोरीच्या झोक्यांचे आणि दोरीच्या दांड्यांचे सुटलेले धागेही असाच घात करतात.

निदान सोपं नाही. साध्या एक्स-रेमध्ये कापड उठून दिसत नाही, बेरियम पाजून बघावं लागतं. बोळा सापडला तर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ग्रीन चीकचं सगळं वजन ६० ते ८० ग्रॅम. एवढ्याशा जिवाला भूल देणंसुद्धा जोखमीचं असतं.

तुम्ही आजपासून तिचं वजन करा. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा डिजिटल काटा पुरतो. रोज सकाळी, पहिली विष्ठा टाकल्यावर आणि खाणं देण्याआधी. वहीत लिहा. खाल्लेलं बाहेर टाकत असेल, विष्ठेत न पचलेले दाणे दिसत असतील, रात्रभरात रिकामा व्हायला हवा तो क्रॉप सकाळीही भरलेला हाताला लागत असेल, पिसं फुगवून गप्प बसत असेल किंवा वजन दहा टक्के उतरलं असेल, तर त्याच दिवशी पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. यातलं काही नसलं तरी भोक पडलेलं आहे, तेव्हा या आठवड्यात एकदा तपासून घ्याच. जाताना तंबूही सोबत न्या, किती कापड गेलंय त्याचा अंदाज येतो.

दवबिंदू | ८ जानेवारी, सकाळी ८:०२

वाचनखूण साठवली. आमच्या बजींच्या (बजरिगर पोपटांच्या) पिंजऱ्यातला छोटा तंबू आत्ता काढला.

अंजिरी | ८ जानेवारी, दुपारी १:३०

हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

२०१९ मध्ये आमच्याकडे गोट्या नावाचा लव्हबर्ड होता. असाच तंबू, फरक फक्त रंगाचा. आतलं अस्तर एका बाजूने शिवणीतून सुटलं होतं आणि त्याचा फास झाला होता. रात्री कधीतरी त्याने त्या फटीत डोकं घातलं. पोपटाला अंगभर फट सापडली की तो आत शिरतो, आणि मागे फिरता आलं नाही की घाबरून गोल फिरतो. फिरला की कापड आणखी आवळतं. सकाळी सहा वाजता मी चादर काढली. तो आत लटकलेला होता. अंग गार झालं होतं.

शिवण सुटलेली मी आदल्या दिवशी बघितली होती. रविवारी शिवू, असं म्हणून ठेवून दिलं.

दुकानात कुणालाही हे तंबू घेताना बघितलं की मी थांबते आणि सांगते. काही जण ऐकतात.

सोनचाफा | ८ जानेवारी, दुपारी १:४१

अंजिरी, लिहिलंस हे फार बरं केलंस. 🙏

घाटवाट | ८ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

अंजिरीताईंचं वाचून वाईट वाटलं. तरीही दुसरी बाजू मांडतो. आमचा सन कोनूर सहा वर्षं कापडी तंबूत झोपतोय. काही झालेलं नाही. मी दर तीन महिन्यांनी नवा आणतो, रोज रात्री लावायच्या आधी शिवणी बघतो, सकाळी काढून ठेवतो. काळजी घेतली तर वापरता येतो असं माझं मत आहे. शिवाय कोनूरच्या काही जाती जंगलात रात्री झाडाच्या ढोलीतच झोपतात असं वाचलंय. मग आडोसा त्यांना नैसर्गिकच झाला ना?

निंबोणी | ८ जानेवारी, रात्री ९:०५

घाटवाट, तुम्ही घेता तेवढी काळजी फार थोडे घेतात. रोज बघितलं आणि दिवसा काढून ठेवलं की धोका कमी होतो, हे खरं. पण फास एका रात्रीतही लागतो आणि तुम्ही बघता ते संध्याकाळी. पायाच्या बोटाला गुंडाळलेला धागा तर काही तासांत रक्त अडवतो. तसं काळं पडलेलं बोट मला कापावं लागलं आहे. नखं वाढलेली असतील तर टर्किशसारख्या कापडात ती अडकतातच.

ढोलीचा मुद्दा बरोबर आहे. काही कोनूर ढोलीत झोपतात, आणि मंक पॅराकीट तर काटक्यांच्या घरट्यात वर्षभर राहतात. पण ढोलीच्या लाकडाला सुटे धागे नसतात. आणि रानातल्या पक्ष्याला दिवसभर उडायचं असतं, चारा शोधायचा असतो, ऋतू बदलला की वीण थांबते. आपल्या हॉलमध्ये बारा महिने दाणे भरलेले, रात्री अकरापर्यंत दिवे, वर मऊ अंधारी जागा. त्याच्या शरीराला अंडी घालायचे दिवस आले असंच वाटतं. रानजाईंच्या चिंगीचं चावणं मला त्यातलंच वाटतंय. ती मुलाला विसरलेली नाही, घरटं राखते आहे. नरसुद्धा असंच वागतात, तेव्हा त्यावरून मादी ठरवू नका.

पावसाळी_दुपार | ८ जानेवारी, रात्री १०:३०

या शेवटच्या मुद्द्याबद्दल माझा अनुभव. आमची सखू, कॉकटेल (कॉकाटील) जातीची. तिलाही तंबू होता, तो ती कुरतडत नव्हती, त्यामुळे आम्ही निर्धास्त. एक दिवस आत अंडं सापडलं. नर नाहीच, म्हणजे पोकळ अंडं. आम्ही काढून टाकलं. दिवसाआड दुसरं, तिसरं. काढत गेलो, ती घालत गेली. तीन महिन्यांत चौदा अंडी झाली. चौदाव्यानंतर पंधरावं अडकलं.

ती पिंजऱ्याच्या तळाशी बसली होती, पाय फाकवून, प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर होत होती. डॉक्टरांनी ऊब दिली, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, आणि रात्री उशिरा अंडं बाहेर आलं. कवच कागदासारखं मऊ होतं. तेव्हा कळलं की अंड्याच्या कवचाचं कॅल्शियम तिच्या हाडांतून जात होतं, आणि आम्ही तिला नुसत्या सूर्यफुलाच्या बिया घालत होतो.

अंडं काढून टाकणं ही आमची मोठी चूक होती. काढलं की ती भरपाईला नवं घालते. ठेवू द्यायचं. सुमारे तीन आठवडे बसते आणि कंटाळून स्वतःच सोडते. तंबू काढला, दिवे साडेसातला बंद करून बारा तास अंधार देऊ लागलो, पाठीवरून हात फिरवणं बंद केलं. डोकं आणि मान एवढंच खाजवायचं, पाठीवरचा हात तिला जोडीदाराचा वाटतो. समुद्रफेस पिंजऱ्यात कायम ठेवला. त्या वर्षी पुन्हा अंडं नाही.

ओवी_लिहिते | ९ जानेवारी, सकाळी ११:२०

माझा प्रश्न थोडा अवघड आहे. आमच्या पोपटासाठी (इंडियन रिंगनेक, निळ्या रंगाचा) सासूबाईंनी स्वतः झोपडी शिवली आहे. त्यांच्या जुन्या नऊवारीची, गोधडीसारखी, सगळी हाताने. दृष्टी कमी झाली आहे तरी आठ दिवस बसून शिवली. नेमकी त्या धावदोऱ्याचीच मला आता भीती वाटते आहे. त्यांना कसं सांगू?

अंजिरी | ९ जानेवारी, दुपारी १२:०५

धावदोरा सगळ्यात वाईट गं, एक टाका तुटला की अख्खा दोरा ओढता येतो. आत अजिबात लावू नकोस. पण ती फेकायची गरज नाही. चारही बाजूंनी उकलून सपाट कर आणि रात्री पिंजऱ्यावर पांघरूण म्हणून घाल. फक्त गजांना चिकटू देऊ नकोस, चोच बाहेर काढून ते ओढतात. आम्ही पिंजऱ्याच्या मागे खुर्ची ठेवतो आणि चादर खुर्चीवरून सोडतो. पुढची बाजू हवेसाठी उघडी. सासूबाईंना सांग की तुमची गोधडी रोज रात्री त्याच्या घरावर असते. आणि अंजिरीच्या गोट्याचं काय झालं तेही सांग. त्या समजून घेतील.

काजूपाटी | ९ जानेवारी, दुपारी ४:४५

आम्ही निफाडचे. जानेवारीत काही रात्री पारा पाच अंशांच्या आसपास येतो. तंबू काढला तर पक्षी गारठणार नाही का? सगळे काढा म्हणतात, पण थंडीचं कुणी बोलत नाही.

निंबोणी | ९ जानेवारी, रात्री ८:५०

रास्त प्रश्न. मोठा, निरोगी, पूर्ण पिसांचा पक्षी पिसं फुगवून हवा धरून ठेवतो, एक पाय पोटाखाली घेतो, चोच पाठीच्या पिसांत खुपसतो. तीच त्याची रजई. त्याला बाधतो तो वाऱ्याचा झोत आणि तापमानातला अचानक फरक. पिंजरा बाल्कनीतून आणि खिडकीजवळून हलवून आतल्या भिंतीला लावा, तीन बाजूंनी चादर घाला. पाच अंशांच्या रात्री खोलीत ऊब हवीच. प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर पिंजऱ्याच्या बाहेर, एका बाजूला, चोच आणि वायर यांची भेट होणार नाही असा. एक बाजू उबदार, दुसरी थंड, म्हणजे पक्षी स्वतः जागा निवडतो. विकत घेताना हीटरवर किंवा बल्बवर टेफ्लॉनचा थर नाही ना, हे नक्की विचारा. तो थर फार तापला की जो वायू सुटतो त्याने पक्षी काही मिनिटांत मरतो. रिकाम्या तापलेल्या नॉनस्टिक तव्याचंही तेच.

आजारी पक्षी, पिसं उपटलेला पक्षी आणि चमच्याने भरवायचं पिल्लू यांचं वेगळं. त्यांना ऊब द्यायलाच हवी, पण हीटरने, कापडाने नाही.

टाकळा | ९ जानेवारी, रात्री ९:३०

कोकणातून आणखी एक कारण. आमच्याकडे जून ते सप्टेंबर धुतलेलं कापड तीन-तीन दिवस वाळत नाही. पक्ष्याची विष्ठा, सांडलेलं पाणी, वर दमट हवा. आमच्या तंबूच्या अस्तरावर काळे ठिपके आले होते, बुरशीचे. पोपटांना अ‍ॅस्परजिलस बुरशीचा फुप्फुसाचा आजार होतो, आणि रात्रभर त्याचं नाक त्याच कापडाला टेकलेलं. मी तेव्हाच तंबू काढला.

पश्चिमवारा | १० जानेवारी, पहाटे ५:१०

टोरांटोहून. इथेही हे तंबू सगळीकडे मिळतात आणि माझ्या पक्ष्यांच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत "घरात असेल तर काढा" असं बजावलं होतं. बाहेर उणे पंधरा असलं तरी घरात हीटिंगमुळे वीस अंश असतात, म्हणजे ऊब हे कारण इथे मुळातच नाही. आमच्या कॉकटेलला रात्री दचकून फडफडायची सवय होती, म्हणून आम्ही तंबू आणला होता. अगदी मंद रात्रदिवा लावल्यावर ते जवळजवळ थांबलं. अंधारात घाबरला की त्याला दांडी दिसत नाही, एवढंच कारण होतं.

चाफेकळी | १० जानेवारी, सकाळी ९:००

आमच्याकडे मिठू आहे, साधा हिरवा, गळ्यात गुलाबी कंठ. त्याला लाकडी खोका चालेल का?

सोनचाफा | १० जानेवारी, सकाळी ९:२५

चाफेकळी, खोका म्हणजे त्याला ढोलीच, वर लिहिलेले सगळे वीणीचे त्रास त्यात आलेच. आणि एक नाजूक गोष्ट सांगते, राग मानू नकोस. आपल्याकडचा हिरवा कंठवाला पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तो घरात ठेवता येत नाही. बाजारात मिळणारी पिल्लं बहुतेक ढोलीतून काढलेली असतात. एकदम सोडून देऊ नकोस, पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर जगत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून विचार.

अवांतर: रानजाई, कोनूर सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, केली नसशील तर बघून घे.

घाटवाट | १० जानेवारी, रात्री १०:१५

दोन दिवस विचार करतोय. आमच्या तंबूला आज भिंग लावून बघितलं. शिवण शाबूत आहे, पण जिथे तो चोच टेकवून झोपतो तिथलं कापड विरळ झालंय. तो भाग मी रोज बघत होतो आणि मला दिसला नव्हता. सहा वर्षांची सवय कशी मोडायची? एकदम काढू की हळूहळू?

पावसाळी_दुपार | १० जानेवारी, रात्री १०:४०

विरळ झालाय म्हणजे एकदम. आम्ही तंबू जिथे होता त्याच कोपऱ्यात, त्याच उंचीवर सपाट लाकडी फळी लावली आणि शेजारी पेरूची खडबडीत फांदी. जागा बदलली नाही की पक्षी लवकर रुळतो. तीन-चार रात्री आरडाओरडा होईल. तुम्हीच शेजारी बसून रहा.

रानजाई | १२ जानेवारी, रात्री ११:००

तपासून आले. वजन ६८ ग्रॅम, क्रॉप रिकामा, बेरियममध्ये अडथळा दिसला नाही. डॉक्टरांनी तंबू उलटा करून बघितला आणि थोडे तंतू नक्की पोटात गेले असतील, ते विष्ठेतून गेले हे नशीब, असं म्हणाले. महिनाभर वजन लिहायला सांगितलंय.

पहिल्या रात्री ती तंबू होता त्या कोपऱ्यात दोन पायांनी गजांना धरून लटकून राहिली. अकरापर्यंत ओरडली. मी आणि मुलगा शेजारी सतरंजी टाकून बसलो होतो. त्याने तिच्याशी हळू आवाजात शाळेतलं काहीबाही बोलणं चालू ठेवलं. आता ओरडणं अर्ध्या तासावर आलंय.

रानजाई | २ फेब्रुवारी, रात्री १०:०५

उशिरा लिहिते आहे. वजन ६७ ते ६९ च्या मध्ये. दिवे आठला बंद. चावणं दहाव्या दिवसापासून कमी झालं, आणि परवा ती पहिल्यांदा स्वतःहून मुलाच्या मनगटावर चढली. तो श्वास रोखून उभा होता.

आत्ता दाराच्या फटीतून बघितलं. पेरूच्या फांदीच्या टोकाला, भिंतीकडे सरकून, चोच पाठीत खुपसून झोपली आहे. फोटो काढला नाही, उजेडाने जागी झाली असती.

निंबोणी | २ फेब्रुवारी, रात्री १०:२०

एका पायावर होती का?

रानजाई | २ फेब्रुवारी, रात्री १०:२४

हो, एका पायावर.

निंबोणी | २ फेब्रुवारी, रात्री १०:२६

मग निवांत आहे. वजनाची वही आणखी महिनाभर चालू ठेवा.